मूल दोघांचं, तर उशीरही दोघांचा

बसा दोघंही. पाणी हवं असेल तर माठ कोपऱ्यात आहे. चहा आज मिळणार नाही.

काल दुपारी तुम्हा दोघांचे अर्ज माझ्या टेबलावर आले. एकाच वेळी नाही, तासाभराच्या अंतरानं. म्हणजे मी ते शेजारी-शेजारी ठेवून वाचणार नाही, अशी तुमची समजूत असावी. कारण दोन्हींत एकच: कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे संशोधनाला पुरेसा वेळ देता येत नाही. फरक शेवटच्या ओळीत. नवऱ्याला मुदतवाढ हवी आहे, बायकोला नोंदणी रद्द करून हवी आहे. घर एक, मुलगी एक, सासूबाईंचे गुडघे तेच, घराचा हप्ता तोच. मग त्याच अडचणीपायी एकाला वाढीव वर्षं आणि दुसरीला घरचा रस्ता, हा हिशेब कुणी केला? आणि दोन्ही अर्जांवरचं अक्षर एकच आहे, तेही माझ्या लक्षात आलंय. स्वतःची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज लिहून झाल्यावर हिनंच बसून तुझ्या मुदतवाढीचा मजकूर लिहिला. तू सही तेवढी ठोकलीस.

आता माना खाली घालून उपयोग नाही. मध्ये बोलायचं नाही, ऐकायचं.

आधी तुझ्याशी बोलते. तुझं सहावं वर्ष सरत आलं. मागच्या तीनही सहामाही प्रगती अहवालांत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हे शब्द तू लिहिलेस आणि समितीनं ते मान डोलावून वाचले, कारण समितीत बसलेल्या निम्म्या पुरुषांनी स्वतःही कधीतरी तेच लिहिलं होतं. मी मात्र विचारणार. कोणत्या जबाबदाऱ्या? नावं घेऊन सांग. मुलगी चौदा महिन्यांची झाली. सोळा महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो, त्याच सुमारास ट्रिपलचा बूस्टर असतो. कार्डावर तारीख काय लिहिली आहे? बघ, विचारलं मी तुला आणि वळून बघितलंस तू बायकोकडे. तिला रात्री कितीदा उठावं लागतं? मुलीला कोणतं औषध सोसत नाही? ती आत्ता, या क्षणी, कुणाकडे आहे? शेजारच्या काकूंकडे आहे, हे मला माहीत आहे, कारण तुझ्या बायकोनं येताना मला फोन करून 'मॅडम, पाऊण तासात सोडाल ना' असं विचारलं. तू विचारलं नाहीस. तुला विचारायची गरजच पडत नाही.

कॉलेजातले तुझे तास एक वाजता संपतात. दोनला तू विभागात येतोस. रजिस्टरमध्ये जाण्याची वेळ रोज सातच्या पुढची. चांगली गोष्ट आहे, संशोधकानं बसावंच. पण बसून काय करतोस ते मी काचेतून बघते. वेबिनारची प्रमाणपत्रं गोळा करतोस. नॅकच्या फायली भरतोस, त्याही दुसऱ्याच्या निकषाच्या, कारण प्राचार्यांना नाही म्हणायची तुझी छाती नाही. आणि उरलेला वेळ मोबाइल. मागच्या महिन्यात शिपाईमामांना तू हसत-हसत सांगितलंस की घरी पोरगी रडते, म्हणून इथं बरं वाटतं. ते हसले नाहीत, मीही हसले नाही. कुटुंबानं तुझा एक तास घेतलेला नाही. उलट रोजचे पाच तास निवांतपणाचे तुला कुटुंबानं दिले, ते तू उधळलेस आणि वर खापर कुटुंबावरच फोडलंस. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण हे अंगण तर रोज सकाळी तुझी बायको झाडून देते!

'आई आहे ना घरी' हे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नकोस. आईचं वय काय, तिच्या गुडघ्यांचं दुखणं काय. धावत्या पोरीमागे तिला दिवसभर पळवायचं आणि संध्याकाळी तिनं कुरकुर केली की ती बायकोनं ऐकून घ्यायची, ही व्यवस्था तुला फार सोयीची आहे. आई तुझी, मुलगी तुझी, आणि दोघींच्या मधला सगळा व्यवहार तिसरीच्या अंगावर. तू आपला उंटावरून शेळ्या हाकणार.

झालं तुझं. संपलं नाही, पण पुढचं नंतर.

आता तू इकडे बघ. रडायचं नाही. मी तुझी बाजू घेतली असं वाटत असेल तर तो गैरसमज आधी काढून टाक. तुझ्यावर मी जास्त चिडले आहे.

दोन महिन्यांची गरोदर असताना तू सड्यावर चढलीस. कातळावर पाणी साचलेलं, वर धुकं, आणि तू एका बाजूला जाऊन ओकून यायचीस आणि परत येऊन वहीत नोंद करायचीस: ठिकाण, उंची, तारीख, तुऱ्याचा रंग. रंग लगेच लिहावा लागतो, सुकल्यावर तो राहत नाही, हे तुला मी एकदाच सांगितलं होतं. तू आणलेली गवतं मी एकेक करून पाहिली आहेत. पावसाळी हवेत नमुन्याखालचे वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावे लागतात, एक दिवस चुकला की बुरशी धरते. तुझ्या एकाही शीटवर बुरशीचा ठिपका नाही. असं काम करणारी मुलगी आता मला लिहून देते की तिला जमत नाही? जमत नाही असं नाही. तू ते सोडून द्यायला निघाली आहेस, आणि सोडताना कुणाशी दोन हात करावे लागू नयेत म्हणून त्याला 'कौटुंबिक कारण' हे सभ्य नाव दिलं आहेस.

सातवा महिना लागेपर्यंत तू मला काही सांगितलं नाहीस. का? मॅडम काय म्हणतील! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या विनियमांतही होतं आणि 2022 च्या नव्या विनियमांतही आहे: पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा देता येते. 2022 च्या विनियमांनुसार सहा वर्षांची मुदत संपल्यावर पुनर्नोंदणीनं दोन वर्षं मिळू शकतात आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन. म्हणजे प्रवेशाच्या तारखेपासून एकूण दहा वर्षांपर्यंत. तुझं आत्ता तिसरं वर्ष चालू आहे! मुदतीची टंचाई कुणाला आहे, तुला की त्याला? आणि तुझी रजा? एक दिवस घेतली नाहीस. बाळंतपणानंतर तू दोन महिन्यांनी मला मेल पाठवलास की काम 'जमेल तसं' चालू आहे. काही चालू नव्हतं. रजेचा एक कागद भरला असतास तर ते दिवस रीतसर रजेत धरले गेले असते. त्याऐवजी ते न केलेल्या कामाचे दिवस म्हणून तुझ्या नावावर चढले. हक्काची गोष्ट मागायची लाज, आणि नोंदणी रद्द करण्याचा अर्ज द्यायला मात्र लाज नाही!

तासिका तत्त्वावर शिकवतेस, हे मी विसरलेली नाही. तिथं रजा म्हणजे पगाराचा खाडा, दिवाळीत आणि मे महिन्यात हातात काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही तेही माहीत नाही. ती अडचण खरी आहे. पण पदवी सोडल्यानं ती सुटते का? सोडलीस तर तासिका तत्त्वावरच राहशील, जन्मभर.

तुझी दुसरी खोड सांगू? 'त्यांना जमत नाही.' तो मुलीला भरवायला बसला की सांडतो, म्हणून तू वाटी काढून घेतेस. तो डबा भरतो तर भाजी कोरडी होते, म्हणून तू पहाटे उठतेस. सांडू दे. पोरगी एक दिवस मळक्या झबल्यात राहिली तर तिला कुणी नावं ठेवणार नाही. ठेवलीच तर ती बापाला ठेवू देत. तुला सोशिकपणाची हौस आहे आणि त्या हौसेवर त्याची चैन चालली आहे. दोघांनी मिळून हा बेत जमवलाय, एकट्या त्याचा दोष नाही. रात्री अकराला सगळं आवरून तू सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंची वर्णनं लिहायला बसतेस. मागच्या प्रकरणात तू लेमाच्या जागी पेलिया लिहिलंस, तेही चार ठिकाणी. पहिल्या वर्षी तू असं कधी लिहिलं नव्हतंस. गवताचं स्पाइकलेट केवढं असतं? काही मिलीमीटरचं. सुईच्या टोकानं त्याचे खालचे दोन ग्लूम बाजूला करायचे, मग लेमा, मग पेलिया, मग आतलं फूल. तेवढ्यात कुणी हाक मारली आणि तू उठलीस की स्लाइडवरचा पाण्याचा थेंब सुकतो, सुटे केलेले भाग काचेला चिकटतात आणि परत पहिल्यापासून. या कामाला सलग दोन-अडीच तास लागतात, दिवसाउजेडी, डोकं ताजं असताना. मध्यरात्रीची उरलीसुरली वीस मिनिटं त्याला चालत नाहीत. हे तुझ्या घरात कुणाला माहीत आहे का? सांगितलंस कधी? की 'अभ्यास करते' एवढंच सांगून मोकळी?

आता दोघांनी मिळून ऐकण्याचं.

हिच्या विषयाला हंगाम आहे. गवतं ऑगस्टच्या शेवटी तुरे धरायला लागतात, नोव्हेंबरात वाळून झडतात. तुऱ्याशिवाय गवत ओळखता येत नाही. म्हणजे वर्षातले तीन महिने हिचे. तो काळ चुकला की आठ-पंधरा दिवस चुकले असं होत नाही, अख्खं वर्ष जातं. मागच्या वर्षी मुलगी चार महिन्यांची होती, हंगाम गेला, त्याला इलाज नव्हता. या वर्षी? याच तीन महिन्यांत गौरी-गणपती, मग पितृपंधरवडा, मग नवरात्राचे घट, मग दिवाळीचा फराळ. पंचांग आणि सड्यावरचं गवत यांचा असा मेळ आहे की घरच्या सुनेच्या कामाचा सगळ्यात मोठा बोजा नेमका तिच्या फील्डच्या दिवसांवर येऊन पडतो. यंदा गौरी तुमच्याकडे आहेत असं ऐकलं. आनंद आहे. पुरणपोळ्या विकत मिळतात, सजावटीला दीर आहे, आरती तुला येते. पण सड्यावरचं गवत हिच्या दिरानं आणून चालणार नाही, ते हिलाच ओळखून उपटावं लागतं.

तुझी शैवालं कालव्याच्या पाण्यात बारा महिने आहेत. नमुने तुझे केव्हाच गोळा झाले. तुझं जे राहिलंय ते लिहायचं राहिलंय, आणि लेखनाला ऋतू लागत नाही, बूड लागतं. मग सरळ हिशेब आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हिचा. त्या काळात शनिवार-रविवार ती सड्यावर, आणि आठवड्यातले तीन दिवस दुपारी दोन ते सहा ती इथं, सूक्ष्मदर्शकापाशी. त्या तासांना मुलगी तुझ्याकडे. आईकडे नाही, काकूंकडे नाही, तुझ्याकडे. तू विभागात आला नाहीस तरी चालेल. प्राचार्यांना सांग, त्या वेळेत समितीचं काम होणार नाही. त्यांनी विचारलं तर माझं नाव सांग. डिसेंबर ते मार्च तुझा. तेव्हा ती मुलीला बघेल आणि तू प्रबंध लिहून पुरा करशील. त्यातही तिचे आठवड्यातले दोन दिवस सोडायचे नाहीत, कारण तिला पुण्याला कोरेगाव रोडच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात जाऊन जुनी शीट ताडून पाहायची आहेत. ते कार्यालय मुलगी झोपल्यावर उघडत नाही. तुला मुदतवाढ लागणार असेल तर मी शिफारस करीन, पण तिच्यात कारण खरं लिहिलेलं असेल: पत्नीच्या फील्डच्या काळात अपत्याचं संगोपन केलं. हे लिहायला तुला कमीपणा वाटत असेल, तर मुदतवाढ मागू नकोस.

मूल दोघांचं असेल तर त्यापायी होणारा उशीरही दोघांत वाटला गेला पाहिजे. एकाचा प्रबंध वेळेत आणि दुसरीचा कायमचा बंद, याला संसार सांभाळणं म्हणत नाहीत. त्याला एकीच्या जिवावर दुसऱ्यानं तरून जाणं म्हणतात.

आई शिकत बसली की मुलांची आबाळ होते, असं तुमच्या घरात कुणी बोलल्याचं माझ्या कानावर आलंय. इरावतीबाई कर्वे 1939 मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या तेव्हा पदरी दोन मुलं होती, तिसरी मुलगी 1942 मध्ये झाली. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1953 मध्ये आला तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती. त्यांच्या तिन्ही मुलांचं काय झालं? जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या मराठीतल्या नावाजलेल्या लेखिका झाल्या, आणि आनंद कर्वे आपल्याच विषयातले, वनस्पतिशास्त्रज्ञ. पण ही गोष्ट मी तुझ्या बायकोला ऐकवत नाही, तिला पुष्कळांनी ऐकवली असेल. तुला ऐकवते. इरावतीबाईंचे पती दिनकरराव स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. दोन विद्वान एका घरात नांदले आणि त्यांपैकी कुणालाही पुस्तकं गुंडाळून ठेवावी लागली नाहीत. इरावतीबाईंचा फोटो विभागाच्या भिंतीवर लावायला सगळे पुढे असतात. दिनकररावांच्या वाटेनं जायला कोण तयार आहे, ते मला बघायचंय.

आमच्या लोकांनाही मी ऐकवून ठेवलं आहे. संशोधन सल्लागार समितीची बैठक चारला ठेवायची, सहाला सुरू करायची आणि मग लहान मूल असलेली मुलगी घड्याळाकडे बघते म्हणून तिच्यात गांभीर्य नाही, असा शेरा मारायचा, हे यापुढे चालणार नाही. बैठका अकराला होतील. मागच्या सत्रात ही मुलीला घेऊन आली, तेव्हा ज्यांनी नाक मुरडलं त्यांना त्याच दिवशी मी विचारलं की बाळाच्या रडण्यानं तुमचा कोणता सिद्धान्त मोडला. आयोगानं डिसेंबर 2021 मध्येच सगळ्या कुलगुरूंना कळवलं होतं की विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करा. ते आपल्याकडे कागदावर आहेत. कुणाला सांगितले जात नाहीत, म्हणून मी आता सूचनाफलकावर लावले आहेत. पाळणाघराची मागणी मी लेखी दिली आहे आणि दर महिन्याला तिचं काय झालं ते विचारते. तुम्ही आमच्याकडे बोट दाखवणार असाल तर खुशाल दाखवा, पण आधी आपापल्या वाटणीचं करा.

आणि तू म्हणालीस की मुलगी शाळेत जायला लागली की पुन्हा नोंदणी करीन. कुणाकडे? माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरलेली नाहीत, त्यामुळे नियमाप्रमाणे मला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. तू सोडलेली जागा मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही आणि पुढे तुलाही देऊ शकत नाही. ती जागा तुझ्याबरोबर संपेल. मग परत प्रवेश परीक्षा, परत मुलाखत, परत नवा मार्गदर्शक शोधणं, त्याला गवतात रस आहे की नाही तो जुगार. चार वर्षांनी तुला ते सगळं आजच्यापेक्षा सोपं जाईल असं वाटतं? मुलगी शाळेत गेली की अभ्यास, डबे, स्नेहसंमेलनं, आजारपणं, मग दुसरं मूल, मग सासूबाईंचं ऑपरेशन. रिकामा वेळ संसारात कधीच येत नाही, तो बळकावावा लागतो. तुझ्या नवऱ्यानं तो विनासायास बळकावला आणि कुणाला काही खटकलंसुद्धा नाही. तूही बळकाव. थोडं खटकेल लोकांना. खटकू दे.

तेव्हा आजचा निर्णय. तुझा नोंदणी रद्द करण्याचा अर्ज मी पुढे पाठवणार नाही. तुला तो पाठवायचाच असेल तर महिनाभरानं परत दे, पण तेव्हा कारणाच्या जागी 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' लिहायचं नाही. कोणती जबाबदारी, कुणाची, आणि ती दुसऱ्या कुणी का उचलली नाही, हे नावानिशी लिहायचं. त्या कागदावर नवऱ्याची सही हवी. बघू त्याचा हात चालतो का.

तुझी बालसंगोपन रजा पूर्णच्या पूर्ण शिल्लक आहे. ती केव्हा आणि किती घ्यायची ते आपण दोघी बसून ठरवू; हंगामात मात्र घ्यायची नाही. मर्क्युरिक क्लोराइडची बाटली घरी नेली आहेस, ती आजच्या आज परत आण. घरात रांगतं-चालतं मूल असताना विष हाताळायचं नाही. नमुने पॉयझन करण्याचं काम इथंच होईल, आणि त्यासाठीचे तास तुझा नवरा तुला मोकळे करून देईल.

आणि तू. पहिलं प्रकरण पंधरा ऑगस्टपर्यंत, छापून, पानं क्रमानं लावून. मोबाइल विभागात शिरताना शिपाईमामांकडे ठेवायचा. ऑगस्टअखेर गौरी-गणपतीच्या कामांची यादी करायची, ती आईशी बसून तू करायची, आणि हिच्या नावापुढे एकाहून जास्त काम दिसलं तर ती यादी मला दाखवायला आणू नकोस. लसीकरणाचं कार्ड आजपासून तुझ्या पाकिटात राहील. पुढचा डोस द्यायला तू एकटा घेऊन जाशील.

पुढच्या सत्राच्या सल्लागार समितीसमोर तुम्ही दोघं एकाच दिवशी, एकापाठोपाठ सादरीकरण कराल. दोन्ही अहवाल मी शेजारी ठेवून वाचणार आहे. काम मागे पडलेलं असेल तर ते दोघांच्या अहवालांत मागे पडलेलं दिसलं पाहिजे. एकाचं पुढे आणि दुसरीचं तिथंच दिसलं, तर ज्याचं पुढे गेलंय त्याला मी आधी उभं करीन.

निघा आता. पाऊण तास झाला, काकू वाट बघत असतील. मुलीला आणायला तू जा. हिला अजून अर्धा तास माझ्याकडे काम आहे.